नावापुढची अक्षरे

आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात वामन शिवराम आपटे यांचा संस्कृत-इंग्रजी कोश होता. पाठपुठ्ठा सुटलेला, पाने पिवळी पडलेली; तरी घरात त्याला देवासारखा मान असे. त्याच्या पहिल्या पानावर ग्रंथकाराच्या नावापुढे ‘एम्. ए.’ ही अक्षरे छापलेली होती. ती अक्षरे आडनावाचाच एक भाग असावीत, असे मला लहानपणी वाटे. पुढे कळले की ती जन्माने मिळत नाहीत, मिळवावी लागतात. आणि आणखी पुढे कळले की मिळविल्यावरही त्यांचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच.

आज कोणत्याही शहरात फेरफटका मारला, तर खाजगी शिकवणीच्या वर्गांच्या पाट्यांवर हीच अक्षरे मोठ्या ठशात रंगविलेली दिसतात. एम्. एस्सी., एम्. फिल्., पीएच्. डी. अशी त्यांची रांग लागलेली असते. पालक ती रांग वाचतो, मनाशी काही हिशेब करतो आणि आपले मूल त्या पाटीखालच्या दारातून आत पाठवितो. त्या दाराआड बसलेल्या गुरुजींविषयी ती अक्षरे नेमके काय सांगतात? आणि काय सांगत नाहीत? हा प्रश्न आजचा वाटला तरी तो आपल्या देशात दीडशे वर्षांहून अधिक जुना आहे. उच्च पदवी घेतलेला शिक्षक ही व्यक्ती आपल्याकडे कशी निर्माण झाली आणि तिच्या पदवीला कोणकोणत्या कसोट्यांतून जावे लागले, याचा थोडा मागोवा आज घ्यावयाचा आहे.

विद्यापीठांच्या पदव्या येण्यापूर्वी आपल्याकडे विद्वान नव्हते, असे अर्थातच नाही. पाठशाळेतील शास्त्रीबोवांची योग्यता लोकांना ठाऊक असे. परंतु ती कागदावर लिहिलेली नसे. अमक्यांचे शिष्य, तमक्यांजवळ भाष्यान्त व्याकरण झालेले, एवढी ओळख पुरेशी होई. पेशवाईत पुण्याला श्रावणमासी दक्षिणा वाटली जाई, ती विद्वानांच्या योग्यतेची एक प्रकारची राजमान्य मोजदाद होती. इंग्रजी अंमल सुरू झाल्यावर त्याच दक्षिणेच्या रकमेतून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. या व्यवस्थेत विद्येची कदर होती, यात शंका नाही. परंतु त्या वाड्याचा दरवाजा कोणासाठी उघडे आणि कोणासाठी उघडत नसे, हेही विसरता येणार नाही. गुरूची निवड गुणावर होत असली, तरी ती निवड करण्याआधीच कुळ आणि जात यांची चाळणी लागलेली असे.

1857 हे साल आपण बंडाचे साल म्हणून ओळखतो. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याला, जुलैत मुंबईला आणि सप्टेंबरात मद्रासला विद्यापीठे स्थापन झाली. लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारलेली ही विद्यापीठे स्वतः काही शिकवीत नसत. शिकविण्याचे काम महाविद्यालयांचे, विद्यापीठाचे काम फक्त परीक्षा घेण्याचे. या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली आणि तीत तथ्यही होते. परंतु तिच्यात एक मोठी गोष्ट होती, ती टीकेच्या भरात नजरेआड होऊ नये. परीक्षेच्या कागदाला उत्तर लिहिणाराचे कुळ विचारता येत नव्हते. जो उत्तीर्ण होईल त्याला पदवी मिळेल, असे सर्वांना उघडपणे दिलेले ते वचन होते.

कलकत्त्याला 1858 मध्ये बी. ए.च्या पहिल्याच परीक्षेत दोघे उत्तीर्ण झाले. त्यांपैकी एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. मुंबईला 1862 मध्ये पहिले चार पदवीधर बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या चौघांची पुढची वाटचाल पाहिली, तर पदवीधर शिक्षकाचा जन्म कसा झाला हे चटकन ध्यानात येते. रानडे आणि भांडारकर हे दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या दक्षिणेतूनच या फेलोंना वेतन मिळे. जो पैसा एकेकाळी शास्त्रीपंडितांच्या ओंजळीत पडत होता, तोच आता नव्या पदवीधरांना पुढील अभ्यासासाठी आणि खालच्या वर्गांना शिकविण्यासाठी मिळू लागला. शिकता शिकता शिकविणारा हा तरुण म्हणजे आपल्याकडचा पहिला ‘ट्यूटर’ म्हणावयास हरकत नाही. रानड्यांनी पुढे एम्. ए. आणि एल्एल्. बी. या पदव्या घेतल्या, 1868 पासून तीनेक वर्षे एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापन केले आणि मग ते न्यायखात्याकडे वळले. मोडक शाळाखात्यात राहिले आणि एल्फिन्स्टन हायस्कूलचे मुख्याध्यापक झाले. भांडारकर मात्र जन्मभर शिक्षकच राहिले. म्हणून त्यांची हकीकत आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद आहे.

भांडारकर 1863 मध्ये एम्. ए. झाले. पहिली नेमणूक सिंधमधील हैदराबादच्या हायस्कुलात, नंतर रत्नागिरीच्या हायस्कुलात. एवढा मोठा विद्वान शाळेतल्या मुलांना शिकवीत बसला, याचे आपल्याला आज नवल वाटेल. परंतु संस्कृत नव्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याला कोठे अडखळायला होते, हे त्यांना वर्गातच उमगले, आणि त्यातूनच त्यांची संस्कृत शिकविणारी दोन छोटी पुस्तके तयार झाली. ती पुस्तके पुढे पिढ्यान्पिढ्या चालली. पुढे ते एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे हंगामी प्राध्यापक झाले. हंगामी हा शब्द महत्त्वाचा आहे. त्या काळी मुंबई इलाख्यात संस्कृतच्या जागांवर मोठमोठे युरोपीय पंडित होते. गेऑर्ग ब्यूलर हे ग्योटिंगेनचे डॉक्टर, तर फ्रांझ कीलहॉर्न हे लाइपझिगचे डॉक्टर. त्यांच्या विद्वत्तेविषयी भांडारकरांनाही आदरच होता. परंतु 1873 मध्ये एल्फिन्स्टनची कायमची जागा भरण्याची वेळ आली, तेव्हा काही वर्षे ते काम करीत असलेल्या भांडारकरांना ती मिळाली नाही. विलायतेहून नव्याने आलेल्या पीटर पीटरसन यांना मिळाली. भांडारकर त्यांच्या हाताखाली काम करीत राहिले. पुढे कीलहॉर्न मायदेशी परतल्यावर त्यांना डेक्कन कॉलेजात संस्कृतची जागा मिळाली. 1885 मध्ये ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली आणि 1893 मध्ये ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ज्या विद्यापीठाच्या पहिल्या परीक्षेला ते बसले होते, त्याच विद्यापीठाचे ते कुलगुरू झाले, ही गोष्ट मोठीच. तरीपण परीक्षेच्या दालनात पाळले गेलेले वचन नेमणुकीच्या कचेरीत पाळले जात नाही, हा धडा त्यांच्या पिढीने प्रथम घेतला.

हाच अनुभव बंगालमध्ये अधिक तीव्रतेने आला. जगदीशचंद्र बोस केंब्रिज आणि लंडन येथील पदव्या घेऊन 1885 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवू लागले. त्याच जागेवर युरोपीय गृहस्थ असता तर त्याला जे वेतन मिळाले असते, त्याहून बोसांचे वेतन पुष्कळच कमी ठरविण्यात आले. बोसांनी त्याविरुद्ध सभा भरविली नाही. ते रोज वेळेवर वर्गावर गेले, मनापासून शिकविले आणि तीन वर्षे वेतनाला हात लावला नाही. घरी कर्ज होते, तरीही नाही. शेवटी सरकारलाच पडते घ्यावे लागले आणि मागील सर्व रक्कम पूर्ण दराने चुकती करावी लागली. त्यांच्या पाठोपाठ प्रफुल्लचंद्र राय आले. एडिंबरो विद्यापीठाची रसायनशास्त्रातील डी. एस्सी. ही पदवी 1887 मध्ये त्यांनी मिळविली होती. मायदेशी परतल्यावर त्यांना काही काळ रिकामे बसावे लागले आणि 1889 मध्ये प्रेसिडेन्सी कॉलेजात दरमहा 250 रुपयांची दुय्यम जागा मिळाली. शिक्षणखात्याची वरची श्रेणी व्यवहारात गोऱ्यांसाठी राखलेली होती. डॉक्टरांच्या पदवीनेही ते दार उघडले नाही. रायांनी मग पदवीची किंमत दुसऱ्या रीतीने वसूल केली. आपल्या प्रयोगशाळेत त्यांनी विद्यार्थ्यांची एक फळीच घडविली, बेंगॉल केमिकल हा कारखाना उभारला आणि वयाच्या साठाव्या वर्षानंतर आपले विद्यापीठातील वेतन विद्यापीठालाच देऊन टाकले.

आता पुण्याकडे येऊ. येथे पदवीचा प्रश्न निराळ्याच अंगाने उभा राहिला. सरकारने जागा नाकारली म्हणून नव्हे, तर मिळू शकणारी जागा आपणच नाकारावी म्हणून काही तरुण पुढे आले. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी सरकारी शाळेतील नोकरीचा राजीनामा दिला आणि जानेवारी 1880 मध्ये न्यू इंग्लिश स्कूल निघाले. ते स्वतः बी. ए. होते. बळवंतराव टिळक गणित घेऊन बी. ए. झालेले, 1879 मध्ये एल्एल्. बी. झालेले. वामन शिवराम आपटे 1879 चे संस्कृतचे एम्. ए. गोपाळ गणेश आगरकर एम्. ए.चा अभ्यास संपवून 1881 मध्ये येऊन मिळाले. आणि या सर्वांच्या जोडीला महादेव बल्लाळ नामजोशी, ज्यांच्या नावापुढे पदवी नव्हती, परंतु ज्यांच्यावाचून ही संस्था उभी राहिली नसती, असे सर्वच मानीत.

या मंडळींच्या पदव्यांकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. टिळकांना एम्. ए. साधले नाही, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्या आवडीचा भाग ते मनसोक्त खोल वाचीत आणि परीक्षेच्या आखणीची पर्वा करीत नसत. पण त्याच टिळकांच्या गणिताच्या तासाची आठवण त्यांचे विद्यार्थी म्हातारपणीही काढीत. आगरकरांनी एम्. ए. होण्यासाठी काय सोसले, हे महाराष्ट्रात घराघरांतून सांगितले जाते. टेंभूसारख्या खेड्यातला हा मुलगा वारावर जेवत, एकाच सदऱ्यावर दिवस काढीत डेक्कन कॉलेजापर्यंत पोहोचला होता. पदवी हाती आली की घरचे दारिद्र्य फिटेल, अशी त्याच्या आईची आशा असणे अगदी स्वाभाविक होते. आगरकरांनी तिला पत्र लिहून आधीच कळविले की मोठ्या पगाराच्या नोकरीची वाट पाहू नये; पोटापुरते मिळवून उरलेला सारा वेळ लोकांसाठी घालविण्याचा आपला निश्चय झाला आहे. हे पत्र आपण शाळेत असताना त्यागाचे उदाहरण म्हणून ऐकतो. मला मात्र ते पत्र हाती पडलेल्या त्या आईची आठवण अधिक होते. पदवीची किंमत एकट्या पदवीधराने दिलेली नसते.

1884 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1885 च्या जानेवारीत फर्ग्युसन कॉलेज निघाले. आजीव सदस्यांनी दरमहा 75 रुपयांवर वीस वर्षे काम करावयाचे, असा नियम ठरला. आपटे पहिले प्राचार्य झाले. कॉलेज चालवून, वर्ग घेऊन उरलेल्या वेळात त्यांनी संस्कृत रचनेवरील पाठ्यपुस्तक आणि दोन कोश सिद्ध केले. मोठा संस्कृत-इंग्रजी कोश 1890 मध्ये बाहेर पडला आणि 1892 मध्ये वयाच्या चौतिसाव्या वर्षी ते वारले. त्यांच्या जागी आलेले आगरकर 1895 मध्ये वारले. त्यांचेही वय अवघे अडतीस होते. मतभेदामुळे टिळक 1890 मध्येच संस्था सोडून गेले होते. त्या भांडणाच्या मुळाशीही एक तत्त्वाचा प्रश्न होता: आजीव सदस्याने 75 रुपयांखेरीज बाहेरचे उत्पन्न घ्यावे की न घ्यावे? पदवीधराच्या विद्येवर हक्क कोणाचा, त्याचा स्वतःचा की संस्थेचा? दोन्ही पक्षांकडे प्रामाणिक माणसे होती आणि तो प्रश्न आजही सुटलेला नाही.

टिळक गेल्यावर गणित कोणी शिकवावे, ही अडचण उभी राहिली. तेव्हा गोपाळ कृष्ण गोखले यांना मुंबईतील एका गृहस्थांची आठवण झाली. धोंडो केशव कर्वे आणि गोखले हे दोघेही एल्फिन्स्टन कॉलेजातून 1884 मध्ये बी. ए. झालेले. कर्व्यांचा विषय गणित. ते मुंबईत निरनिराळ्या शाळांतून तास घेत आणि उरलेल्या वेळी घरोघर जाऊन खाजगी शिकवण्या करीत. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ते पूर्णवेळ ट्यूटर होते. पहाटेपासून रात्रीपर्यंत चालणाऱ्या त्या पायपिटीतून त्यांना बऱ्यापैकी मिळकत होत होती, आणि तिचा ठरावीक हिस्सा ते आपल्या मुरुड गावासाठी बाजूला काढीत. 1891 मध्ये गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसन कॉलेजात आले आणि 1914 पर्यंत तेथे गणित शिकवीत राहिले. विधवांसाठी आश्रम आणि पुढे महिला विद्यापीठ उभारणारे महर्षी आपल्याला ठाऊक आहेत. ते उभे राहीपर्यंत फळ्यावर समीकरणे सोडवून आपला प्रपंच चालविणारे मास्तर मात्र आपण विसरतो. स्वतः गोखलेही बी. ए.च होते. त्यांनी या कॉलेजात इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्रही शिकविले. जो विषय अडेल तो अभ्यास करून शिकवावयाचा, असा त्यांचा बाणा होता. 1899 मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या क्रमांकाचा मान मिळविणारे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे पहिले भारतीय सीनिअर रँग्लर. मोठमोठ्या जागा त्यांना सहज मिळाल्या असत्या. पण परदेशी जाण्यापूर्वी दिलेला शब्द पाळून तेही त्याच 75 रुपयांवर फर्ग्युसनमध्ये येऊन दाखल झाले आणि 1902 मध्ये प्राचार्य झाले.

स्त्रियांची वाट तर याहून बिकट होती. कलकत्ता विद्यापीठाची एम्. ए. ही पदवी 1884 मध्ये चंद्रमुखी बसू यांनी मिळविली. भारतातील त्या पहिल्या स्त्री एम्. ए. बेथून कॉलेजात त्या अध्यापन करू लागल्या आणि 1888 मध्ये तेथील प्राचार्य झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर कॉर्नेलिया सोराबजी नाशिकला जन्मलेल्या आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या. परीक्षेत त्यांनी असे यश मिळविले की इंग्लंडला जाण्यासाठीची सरकारी शिष्यवृत्ती त्यांच्या वाट्याला यावयास हवी होती. ती स्त्रीला देता येत नाही, असे ठरले. तेव्हा त्या अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात इंग्रजी शिकवावयास गेल्या. समोर सारे पुरुष विद्यार्थी, आणि शिकविणारी विशीतली एक मुलगी. त्यांनी ते काम नेटाने केले, 1889 मध्ये स्नेह्यांच्या मदतीने त्या ऑक्सफर्डला पोहोचल्या आणि 1892 मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्या. स्त्रियांना ती पदवी प्रत्यक्ष देण्याचा नियम ऑक्सफर्डने केला, तो त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी. कागदाने त्यांचे लिंग विचारले नव्हते. कागदावर शिक्का मारणारे हात मात्र विचारीत होते.

आणि ज्याला आपण परीक्षेचे उघड वचन म्हटले, त्याची सर्वांत कठोर कसोटी 1918 मध्ये मुंबईत लागली. भीमराव रामजी आंबेडकर एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर 1913 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, 1915 मध्ये एम्. ए. झाले, नंतर लंडनला त्यांनी अभ्यास सुरू केला आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. बडोद्याला राहावयास जागा मिळेना, म्हणून ते मुंबईस आले. त्या काळात त्यांनी खाजगी शिकवण्याही केल्या. अर्थशास्त्राचा एवढा व्यासंग केलेला हा विद्वान चरितार्थासाठी शिकवण्या शोधीत फिरत होता. नोव्हेंबर 1918 मध्ये सिडनहॅम कॉलेजात राजकीय अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाची जागा त्यांना मिळाली. विद्यार्थ्यांचे मन त्यांनी थोड्याच दिवसांत जिंकले. परंतु सहकारी प्राध्यापकांपैकी काहींनी हरकत घेतली, ती त्यांच्या अर्थशास्त्राला नव्हे. प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यातून आंबेडकरांनी पाणी घेऊ नये, अशी ती हरकत होती.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. हरकत घेणारेही पदवीधरच होते. त्यांच्याही नावापुढे तीच अक्षरे होती, त्यांनीही तेच ग्रंथ वाचले होते. पदवीने त्यांना विषय शिकविला होता. तहानलेल्या माणसाला पाणी द्यावे, एवढे मात्र शिकविले नव्हते. बाबासाहेबांनी 1920 पर्यंत ते काम केले, वेतनातून काटकसरीने पैसा साठविला, काही साहाय्य मिळविले आणि अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला गेले. 1923 मध्ये लंडनची डी. एस्सी. आणि 1927 मध्ये कोलंबियाची पीएच्. डी. या पदव्या त्यांच्या नावापुढे लागल्या. पुढे 1946 मध्ये त्यांच्या संस्थेचे सिद्धार्थ कॉलेज मुंबईत सुरू झाले. ज्याला स्वतःला पदवीच्या प्रत्येक पायरीवर अडविले गेले, त्याने पदवीला तुच्छ लेखले नाही. ती पायरी इतरांसाठी रुंद केली.

आतापर्यंत पदवी असून नाकारल्या गेलेल्यांविषयी बोललो. आता पदवी नसताना किंवा अपुरी असताना स्वीकारल्या गेलेल्यांविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. नाहीतर चित्र एकांगी होईल. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांनी पदव्युत्तर अध्यापनाची घडी बसविली. ते स्वतः गणित आणि पदार्थविज्ञान या दोन्ही विषयांचे एम्. ए. होते. पदार्थविज्ञानाच्या पालित अध्यासनावर त्यांनी चंद्रशेखर व्यंकट रामन यांना बोलाविले. रामन मद्रासचे एम्. ए.; सरकारी हिशेबखात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि संशोधन फावल्या वेळात करीत. अध्यासनाच्या अटींत परदेशी जाऊन शिक्षण घेण्याचा उल्लेख होता. रामन यांनी त्याला नकार दिला. आशुतोषबाबूंनी माणूस सोडला नाही, अट सोडली. 1917 मध्ये रामन अधिक वेतनाची नोकरी टाकून त्या जागी रुजू झाले, आणि 1930 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच विद्यापीठातून 1915 मध्ये एम्. एस्सी. झालेले सत्येंद्रनाथ बोस यांचीही अशीच गोष्ट. 1924 मधील त्यांच्या निबंधाने जगभर नाव झाले. परंतु डाक्क्याला प्राध्यापकाच्या जागेचा प्रश्न निघाला तेव्हा त्यांच्यापाशी पीएच्. डी. नव्हती, आणि आइन्स्टाइन यांची शिफारस उपयोगी पडली.

आणि धर्मानंद कोसंबी यांच्यापाशी तर कोणतीच पदवी नव्हती. गोव्यातील साखवाळ गावचा हा माणूस शाळेतही फारसा गेलेला नव्हता. बौद्ध धर्म जाणून घेण्याच्या तळमळीने तो 1899 मध्ये घराबाहेर पडला, पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप, ब्रह्मदेश असा हिंडला आणि जेथे जो गुरू भेटेल त्याच्याजवळ पाली शिकला. पुढे कलकत्ता विद्यापीठाने त्यांना पालीचे अध्यापक नेमले. 1912 पासून सहा वर्षे ते फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवीत होते, आणि हार्वर्ड विद्यापीठानेही त्यांना ग्रंथसंशोधनासाठी बोलाविले. पदवी नसलेल्या या गुरूचे विद्यार्थी मात्र पदव्या घेऊन मोठे झाले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट यांनी पुढे हार्वर्डची डॉक्टरेट मिळविली आणि फर्ग्युसनमध्येच पालीचे अध्यापन केले.

या दोन्ही प्रकारच्या हकीकती एकत्र ठेवल्या म्हणजे पदवीचे खरे स्वरूप ध्यानात येते. पदवी निरर्थक आहे, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, पण तो चुकीचा आहे. भांडारकरांना, चंद्रमुखींना, आंबेडकरांना पदवी नसती, तर त्यांना नाकारणाऱ्याला कारण सांगण्याचीही गरज पडली नसती. पदवीमुळे त्यांच्यावरील अन्याय उघडा पडला. त्याला नाव देता आले, त्याविरुद्ध उभे राहता आले. ज्याच्यामागे कुळाचे, पैशाचे, ओळखीचे बळ नाही, त्याच्यापाशी ही अक्षरे हेच एक बळ असते. अट शिथिल करण्याचा अधिकार आशुतोषबाबूंसारख्या पारख्याच्या हाती असला, तर रामन मिळतात. तोच अधिकार आपमतलब्याच्या हाती गेला, तर त्याचा भाचा प्राध्यापक होतो. म्हणून अट असावी. परंतु अट म्हणजे पारख नव्हे, हेही ध्यानात असावे.

स्वातंत्र्यानंतर ही अट अनेकदा बदलली. 1948-49 च्या राधाकृष्णन आयोगाने अध्यापकांच्या योग्यतेचा विचार केला, त्या आयोगाचे अध्यक्ष सर्वपल्ली राधाकृष्णन हे स्वतः मद्रासचे एम्. ए. होते. 1956 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला कायद्याचे रूप मिळाले. महाविद्यालयात शिकविण्यासाठी राष्ट्रीय पातळीवरील पात्रता परीक्षा आली. विद्यापीठांच्या विभागांत पहिल्याच पायरीवर पीएच्. डी. सक्तीची करावी असे 2018 मध्ये ठरले, ती मुदत पुढे ढकलली गेली आणि 2023 मध्ये ती सक्ती मागे घेण्यात आली. सक्ती असो वा नसो, प्रबंध लिहून झाल्यावरही वर्षानुवर्षे तासिकेच्या तुटपुंज्या मानधनावर शिकविणारे आणि सायंकाळी शिकवणीचे वर्ग घेऊन घर चालविणारे पदवीधर आज गावोगाव आहेत. त्यांची तुलना आगरकरांच्या पिढीशी करण्याचा मोह आपण टाळला पाहिजे. आगरकरांनी आणि परांजप्यांनी कमी वेतन स्वखुशीने पत्करले होते. जे दारिद्र्य निवडलेले नाही, त्याला त्याग म्हणणे हे केवळ आपली जबाबदारी टाळणे आहे.

पाटी वाचणाऱ्या पालकाला मग काय सांगावे? एवढेच सांगता येईल, की पाटीवरची अक्षरे हा गुरुजींनी पूर्वी केलेल्या अभ्यासाचा पुरावा आहे. तो पुरावा मोलाचा आहे. त्यामागे कोणाची तरी तारुण्याची वर्षे आणि कोणाच्या तरी आईचा धीर आहे. परंतु गुरुजी अजून अभ्यास करतात की नाही, मुलाला कोठे अडते हे त्यांना दिसते की नाही, आणि शेजारी बसलेल्या तहानलेल्याला ते पाणी देतील की नाही, हे पाटीवर लिहिता येत नाही. ते वर्गात बसणाऱ्या मुलाला मात्र चार दिवसांत कळते. त्यालाच विचारावे.

आमच्या घरचा तो कोश अजून आहे. पहिले पान आता गळून गेले आहे आणि त्याबरोबर ‘एम्. ए.’ ही अक्षरेही गेली आहेत. तरीही एखादा शब्द अडला की हात त्या कोशाकडेच जातो.